दिवस कोणाचा?

मनुष्य प्रौढ झाला म्हणजे त्याच्या दिवसाला हळूहळू एक आकार येतो. सकाळी कोठे जावयाचे, दुपारी कोणाबरोबर चार घास खावयाचे, संध्याकाळी कोणत्या वाटेने घरी परतावयाचे, ह्या गोष्टी त्याने सर्वस्वी स्वतः ठरविलेल्या नसल्या, तरी त्या त्याच्याच म्हणून ओळखल्या जातात. ज्यांच्या बुद्धीची वाढ जन्मापासून किंवा बालपणापासून मंद राहिली आहे अशा माणसांच्या बाबतीत मात्र हा आकार नेहमी दुसऱ्या कोणी तरी दिलेला आहे. तो कोणी दिला, कशाच्या भीतीने वा कशाच्या आशेने दिला, आणि त्या माणसालाच विचारावे ही साधी गोष्ट सुचावयास इतका काळ का लागला, हे पाहावयाचे तर इंग्लंडचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास विशेष उपयोगी पडतो. कारण त्या देशात ह्या प्रश्नाच्या बहुतेक प्रत्येक पायरीवर एकेक कायदा झाला किंवा एकेक अहवाल छापला गेला.

1913 साली इंग्लंड व वेल्स ह्यांच्यासाठी ‘मेंटल डेफिशन्सी ॲक्ट’ नावाचा कायदा झाला. ह्या कायद्याने अशा माणसांचे चार वर्ग पाडले: इडियट, इम्बेसाईल, फीबल-माइंडेड आणि मॉरल इम्बेसाईल. ह्यांतील पहिले दोन शब्द आज केवळ शिव्या म्हणून उरले आहेत. त्या काळी ते कायद्याच्या व्याख्येत काटेकोरपणे बसविलेले शब्द होते. आपल्याकडे ‘मतिमंद’ हा शब्द पुढे ज्या वाटेने गेला तीच ही वाट. अपमान टाळण्यासाठी एक शब्द योजावा, आणि पाच-पन्नास वर्षांत लोकांनी त्याचाच अपमान करून सोडावा, असे ह्या विषयात वारंवार घडले आहे. असो. त्या कायद्यामागे करुणा अगदीच नव्हती असे नाही, परंतु भीती अधिक होती. दुर्बल बुद्धीच्या माणसांची संतती वाढून सर्व राष्ट्राची बुद्धी खालावेल, असे त्या वेळचे मोठमोठे विद्वान मानीत असत. तेव्हा अशा माणसांना समाजापासून दूर, शेतीवाडी असलेल्या वसाहतींत आयुष्यभर ठेवावे, हा कायद्याचा मुख्य रोख होता.

पण सर्वांना पुरतील इतक्या वसाहती कधीच झाल्या नाहीत. पुष्कळ माणसे आईबापांच्या घरीच राहिली आणि सरकारी देखरेखीखाली आली. ह्या घरी राहणाऱ्यांसाठी सेवाभावी मंडळांनी जागोजागी ‘ऑक्युपेशन सेंटर’ उघडली. जागा बहुधा उसनी, एखाद्या चर्चचा दिवाणखाना, साधने बेताची, चालविणाऱ्या बहुतांशी स्त्रिया. तेथे टोपल्या विणणे, गालिचे गुंफणे, ब्रश बांधणे, गाणी आणि कवायत एवढे चाले. 1927 साली कायद्यात दुरुस्ती होऊन अशा माणसांना काही शिक्षण वा काम मिळवून देणे हे स्थानिक सरकारांचे कर्तव्य ठरले. ह्या केंद्रांचे नावच त्यांचा हेतू सांगते. हातांना काही तरी चाळा असावा, घरच्या माणसांना दोन प्रहर विसावा मिळावा, ह्यापलीकडे अपेक्षा नव्हती. तरीसुद्धा हा विसावा क्षुल्लक समजू नये. ज्या आईला वीस वर्षांच्या मुलाला सोडून बाजारातही जाता येत नाही, तिच्या दृष्टीने ते दोन प्रहर म्हणजे मोठेच दान होते.

1948 मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा पूर्वीच्या वसाहती इस्पितळे झाल्या आणि तेथील रहिवासी एका दिवसात रोगी ठरले, जरी त्यांना रोग असा कोणताच नव्हता. ह्याच सुमारास, 1946 साली, जूडी फ्राईड नावाच्या एका आईने ‘नर्सरी वर्ल्ड’ ह्या नियतकालिकात पत्र लिहून आपल्यासारख्या इतर आईबापांना साद घातली. त्या पत्रातून पालकांची जी संघटना उभी राहिली, तीच आज मेनकॅप ह्या नावाने ओळखली जाते. मुलाला शाळा नाकारली जाते आणि वर त्याबद्दल लाज बाळगण्याची अपेक्षा केली जाते, ही त्या पालकांची मूळ तक्रार होती.

पुढचा धक्का प्रयोगशाळेतून आला. मॉड्स्ले इस्पितळातील नील ओकॉनर आणि जॅक टिझर्ड ह्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी 1950 नंतरच्या काही वर्षांत इस्पितळांत डांबलेल्या माणसांच्या कसोट्या घेतल्या. फीबल-माइंडेड म्हणून नोंदलेल्या प्रौढांचा सरासरी बुद्ध्यंक 70 च्या वर निघाला. म्हणजे त्यांच्यापैकी कित्येकांना तेथे ठेवण्याचे कारण बुद्धी हे नसून गरिबी, अनाथपण किंवा एखादी तरुणपणीची चूक हे होते. त्याहून आश्चर्याचा निष्कर्ष 1955 साली ॲलन क्लार्क आणि बीट हर्मेलिन ह्यांनी प्रसिद्ध केला. ज्यांना ‘इम्बेसाईल’ म्हणत, ज्यांना टोपलीपलीकडे काही जमणार नाही असा सर्वांचा समज होता, अशा थोड्या प्रौढांना त्यांनी कामे शिकविली. विजेची तार नेमक्या लांबीची कापणे, दूरदर्शन-यंत्राच्या प्लगला निरनिराळ्या रंगांच्या तारा डाख देऊन जोडणे, नऊ क्रियांच्या ठराविक क्रमाने सायकलचा पंप जुळविणे, अशी ती कामे होती. आरंभी त्यांचे हात फारच संथ चालत. पण काम लहान लहान पायऱ्यांत फोडून दाखविले, चूक होण्यापूर्वीच सावरले, आणि पुरेसा वेळ दिला, तेव्हा वेग वाढत वाढत असा काही झाला, की पहिल्या दिवशीच्या कामावरून शेवटच्या दिवशीच्या कामाचा अंदाज बांधता येणे अशक्य झाले.

ह्या एका वाक्यात जुन्या सर्व व्यवस्थेचा पाया ढासळला. कारण ती व्यवस्था पहिल्या दिवशीच्या कसोटीवरच उभी होती. बुद्ध्यंक एकदा मोजावा, चिठ्ठी लावावी, आणि त्या चिठ्ठीप्रमाणे माणसाचे उरलेले आयुष्य ठरवावे, अशी ती रीत होती. अमेरिकेत पुढे 1970 नंतरच्या दशकात मार्क गोल्ड ह्यांनी सायकलचा ब्रेक जुळविण्याचे काम हाती घेऊन हेच पुन्हा सिद्ध केले, आणि त्याला एक निराळी कलाटणी दिली. शिकणाऱ्याला जमत नसेल तर दोष शिकविणाऱ्याच्या पद्धतीत शोधावा, दुसरी पद्धत करून पाहावी, असे ते म्हणत. शिक्षकांना हे ऐकावयास सुखाचे नव्हते.

इंग्लंडात 1959 च्या नव्या कायद्याने 1913 चा कायदा रद्द केला, आणि नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत जुन्या ऑक्युपेशन सेंटरांच्या जागी ‘ॲडल्ट ट्रेनिंग सेंटर’ ह्या नावाच्या मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या. क्लार्क आणि टिझर्ड ह्यांच्या प्रयोगांनी दाखविलेली शक्यता येथे कारखान्याच्या रूपाने अवतरली. सकाळी एकच मोटार घरोघरून माणसे गोळा करी. दिवसभर बाहेरच्या कंपन्यांची हलकी कामे, म्हणजे मोजणे, भरणे, बांधणे, जुळविणे, चालत. आठवड्याच्या शेवटी खिशात थोडे पैसे पडत. आणि तीच मोटार माणसांना घरी सोडी. येथे शिकून तयार झालेला मनुष्य एक दिवस खऱ्या कारखान्यात जाईल, असे मूळचे गृहीत होते. तो दिवस फारच थोड्यांच्या वाट्याला आला. चांगले काम करणारा कामगार सोडण्यास केंद्र नाखूष असे, कारण कंत्राट त्याच्याच हातांवर चालत असे. पुढे देशातले हलके उद्योगधंदे ओसरले, यंत्रे आली, आणि कंत्राटेही आटली. ट्रेनिंग चालू राहिले. ते कशासाठी, हे सांगणे मात्र दिवसेंदिवस कठीण होत गेले. वीस वर्षे उमेदवारी करून कायम उमेदवारच राहणारी ही माणसे होती.

दरम्यान स्कँडिनेव्हियातून एक विचार आला. डेन्मार्कमध्ये बँक-मिकेल्सन ह्यांच्या प्रयत्नाने 1959 च्या कायद्यात तो आला होता. स्वीडनच्या बेंग्ट निर्ये ह्यांनी 1969 साली त्याची नीट मांडणी केली. निर्ये ह्यांचे म्हणणे ऐकावयास इतके साधे आहे की त्यात तत्त्वज्ञान ते काय, असे कोणासही वाटावे. माणसाच्या दिवसाला, आठवड्याला आणि वर्षाला जी लय असते, ती ह्या माणसांनाही मिळावी. राहण्याची जागा एक, कामाची दुसरी, करमणुकीची तिसरी असावी. नोकर कमी आहेत म्हणून प्रौढ मनुष्यास आपल्या धाकट्या भावंडांच्या आधी अंथरुणावर पाठवू नये. ही शेवटची बारीकशी गोष्ट एखाद्या जाड ग्रंथापेक्षा अधिक बोलते. संस्थेतील माणसाची संध्याकाळ त्याच्या झोपेवरून ठरत नसून सेवकांच्या पाळीवरून ठरत होती, हे त्यात उघड झाले.

ह्याच वर्षी, 1969 मध्ये, कार्डिफच्या ईली इस्पितळातील क्रौर्य व हेळसांड ह्यांचा चौकशी-अहवाल प्रसिद्ध झाला. त्या काळी अशा इस्पितळांत सुमारे 60,000 माणसे राहत होती. 1971 च्या सरकारी श्वेतपत्रिकेने इस्पितळे हळूहळू कमी करून घरे व दिवसाची केंद्रे वाढविण्याचे धोरण स्वीकारले. 1977 साली सरकारी सल्लागार-मंडळाने ट्रेनिंग सेंटरांना ‘सोशल एज्युकेशन सेंटर’ हे नाव सुचविले. कंत्राटी कामाऐवजी स्वयंपाक, बाजारहाट, पैशाचा व्यवहार, लिहिणे-वाचणे शिकवावे, हा त्यामागचा हेतू. पुष्कळ ठिकाणी दारावरची पाटी बदलली, आणि आत तीच माणसे, तीच मोटार, तेच मोठे दालन राहिले. खोटे पैसे आणि खोटे दुकान मांडून बाजार शिकविण्याचे प्रकारही झाले, खरे दुकान रस्त्यापलीकडे उघडे असताना!

येथवर जे जे बदलले ते सर्व जाणत्यांनी ठरविलेले होते. ज्यांच्यासाठी ठरविले त्यांचा आवाज प्रथम 1968 च्या सुमारास स्वीडनमध्ये आणि मग 1974 साली अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात संघटितपणे ऐकू आला. ओरेगॉनच्या मंडळींनी आपल्या संघटनेचे नाव ‘पीपल फर्स्ट’ ठेवले. आधी माणसे, मग बाकीचे काय ते. ह्याच वातावरणात अमेरिका आणि कॅनडा ह्या देशांत व्यक्तिकेंद्रित नियोजनाच्या पद्धती तयार झाल्या. जॉन ओब्रायन, बेथ माउंट, मार्शा फॉरेस्ट, जॅक पिअरपॉइंट, मायकेल स्मल ही त्यांतली प्रमुख नावे. ह्यांच्या रीती वेगवेगळ्या असल्या तरी आरंभ एकच: ‘ह्या माणसाला कोणत्या केंद्रात जागा मिळेल’ हा प्रश्न बाजूला ठेवावयाचा, आणि ‘ह्याचा चांगला दिवस कसा असतो’ ह्या प्रश्नापासून सुरुवात करावयाची.

ती प्रत्यक्षात कशी होते हे थोडे खुलासेवार पाहणे इष्ट आहे, कारण नाव मोठे आणि काम अगदी घरगुती. बैठक त्या माणसाची असते. कोणास बोलवावे हे शक्य तोवर तोच ठरवितो. आई, भाऊ, शेजारी, ज्याच्याकडे तो रोज वर्तमानपत्र घ्यावयास जातो तो दुकानदार, असे कोणीही. भिंतीवर मोठा कागद लावून त्यावर चित्रे व शब्द काढीत जातात, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही आपल्याविषयी काय लिहिले जात आहे हे कळावे. स्मल ह्यांनी एक उपयुक्त भेद केला आहे: त्या माणसाला स्वतःला काय महत्त्वाचे वाटते, आणि त्याच्या प्रकृतीसाठी व सुरक्षिततेसाठी काय महत्त्वाचे आहे. संस्थांच्या जुन्या कागदांत दुसरीच बाजू भरलेली असे: औषधे, फेफरे, पथ्य, धोके. ‘चहा पितळी पेल्यातून हवा’, ‘गर्दीत घाबरतो, पण आगगाडीच्या फलाटावर घाबरत नाही’ असल्या नोंदी कोठेच नसत. त्या नसल्या म्हणजे प्रकृती सांभाळली जाते, आणि आयुष्य मात्र कंटाळवाणे होते. आणि दोन्हींपैकी फक्त दुसरीच बाजू पाहिली तर माणसाला कुंडीतल्या रोपासारखे पाणी घातल्यासारखे होते.

जो बोलत नाही त्याचे काय, असा आक्षेप लगेच येतो, आणि तो योग्यही आहे. ह्यासाठी त्यांनी योजलेली युक्ती अशी. कागदावर चार रकाने आखावयाचे. काय घडत असते. तेव्हा तो काय करतो. त्याचा अर्थ काय असावा असे जवळच्यांना वाटते. आणि त्यावर आपण काय करावे. समजा, जेवणाच्या वेळी एक मनुष्य ताट लोटून देतो. केंद्रातील नवा सेवक त्यास हट्ट म्हणेल. आई सांगेल, की भात गार झाला म्हणजे तो असे करतो. एका रकान्यात हट्ट आणि दुसऱ्या माणसाच्या माहितीत गार भात! अशी वीस-पंचवीस ओळींची यादी झाली की मुकेपणातूनही एक भाषा दिसू लागते. ह्यात शास्त्र फारसे नाही हे खरे. परंतु शास्त्राने दोनशे वर्षे जे नजरेआड केले ते येथे लिहून ठेवलेले असते.

मग दिवस ठरतो. समजा, एकास बसगाड्यांची विलक्षण आवड आहे. पूर्वी ही आवड खूळ म्हणून नोंदली गेली असती. आता प्रश्न निघतो, की बसगाड्यांजवळ त्याला कोणते काम करता येईल. आठवड्यातून दोन सकाळी आगारात गाड्या पुसण्याचे काम मिळेल काय. बरोबर प्रथम कोणी जावे, आणि किती महिन्यांनी एकट्याने जाता येईल. उरलेले दिवस कशाने भरावयाचे हा प्रश्न तरीही राहतोच, आणि अनुभवी माणसे हे कबूल करतात, की सात दिवसांचा आठवडा आवडीने भरणे कोणाच्याच आयुष्यात साधत नाही.

मार्च 2001 मध्ये ब्रिटिश सरकारने ‘व्हॅल्यूइंग पीपल’ ही श्वेतपत्रिका काढली. ह्या विषयावर तीस वर्षांत निघालेली ती पहिलीच. हक्क, स्वावलंबन, निवड आणि समावेश ही चार सूत्रे तीत घालून दिली होती, आणि व्यक्तिकेंद्रित नियोजन हे सरकारी धोरण झाले. त्याचा परिणाम पाहण्यासाठी लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी 93 माणसांचा पाठपुरावा केला आणि 2005 साली निष्कर्ष सांगितले. 93 पैकी 65 जणांची योजना प्रत्यक्षात तयार झाली. ज्यांची झाली त्यांचा आप्तमित्रांशी संबंध वाढला, बाहेरच्या कार्यक्रमांचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी वाढले, निवडीला अधिक वाव मिळाला. नोकरी मिळण्यावर मात्र परिणाम दिसला नाही. आणखी एक बोचरी गोष्ट त्यांना आढळली: ज्यांना मानसिक विकार वा वर्तनाच्या अडचणी होत्या, त्यांच्या योजना होण्याची शक्यता कमी होती. म्हणजे ज्याचे म्हणणे ऐकणे सर्वांत कठीण, त्याचेच ऐकावयाचे राहून गेले.

दिवसकेंद्रांचे पुढे काय झाले, हा भाग दुःखाचा आहे. मोठे केंद्र बंद करून प्रत्येकाला त्याच्या आवडीचा दिवस द्यावा, हा विचार चांगला; पण केंद्र बंद करणे स्वस्त पडते आणि आवडीचा दिवस महाग. 2010 नंतर सरकारी काटकसर सुरू झाली तेव्हा पुष्कळ ठिकाणी पहिले घडले आणि दुसरे राहून गेले. आठवड्यातून पाच दिवस बाहेर जाणारा मनुष्य दोनच दिवस जाऊ लागला, आणि उरलेले तीन दिवस दूरदर्शनसमोर बसू लागला. केंद्र बंद होऊ नये म्हणून आईबापांनी सभा घेतल्या, फलक धरले. त्यांना जुनाट म्हणणे सोपे होते. पण त्या कंटाळवाण्या दालनात त्यांच्या मुलांचे तीस-तीस वर्षांचे मित्र होते, आणि मैत्रीची योजना कोणत्याच अंदाजपत्रकात सापडत नाही. दोन पदार्थांपैकी एक निवड, असे म्हणून दोन्ही पदार्थ उचलून नेल्यास त्याला निवड म्हणत नाहीत, ही त्यांची तक्रार रास्तच होती.

आपल्याकडे ह्या कामाचा आरंभ इंग्लंडच्या मानाने उशिरा झाला, आणि तोही एका घरातूनच. मुंबईत 1944 साली जय वकील ह्यांनी अशा मुलांसाठी शाळा काढली. पुढे शाळेतून बाहेर पडणाऱ्या तरुणांसाठी महाराष्ट्रातील शहरांत ठिकठिकाणी संरक्षित कार्यशाळा निघाल्या. कागदी पिशव्या, मेणबत्त्या, पाकिटे, दिवाळीच्या आधी रंगविलेल्या पणत्या, हा त्यांचा परिचित माल. खेड्यांत चित्र निराळे होते. तेथे गुरांमागे जाणारा, विहिरीवरून पाणी आणणारा, लग्नात पंगतीची पाने वाढणारा असा एखादा मनुष्य गावाला ठाऊक असे. त्याची थट्टाही होई, त्याला राबवूनही घेतले जाई, पण त्याचा दिवस रिकामा नसे. शहरातील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात तो रिकामा झाला. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानंतर सरकारने दिवसकेंद्रांसाठी ‘विकास’ नावाची योजना आखली. तथापि केंद्रांची संख्या गरजेच्या मानाने तोकडीच आहे. इंग्लंडने मोठी केंद्रे बांधून मग मोडली. आपणास बांधण्यापूर्वीच विचार करण्याची संधी आहे, असे म्हणता येईल. पण ज्या घरात साठी ओलांडलेले आईबाप आणि पस्तिशीतला मुलगा आहे, त्या घराला ही संधी दिसत नाही. त्याला केंद्राचे दार हवे असते.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एक कलम ह्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. चौदाव्या कलमात मर्यादित पालकत्वाची कल्पना असून, पालकाने निर्णय त्या व्यक्तीबरोबर, परस्पर विश्वासाने, तिच्या इच्छेस अनुसरून घ्यावयाचा आहे. इच्छेस अनुसरून घ्यावयाचा तर इच्छा ठाऊक असली पाहिजे. आज महाराष्ट्रातील बहुतेक घरांत ती एकाच ठिकाणी नोंदलेली असते, आणि ते ठिकाण म्हणजे आईची आठवण. कोणत्या आवाजाने तो दचकतो, कोणत्या मामाच्या येण्याने त्याचा दिवस उजळतो, भाकरीचा कोणता तुकडा तो शेवटी खाण्यासाठी राखून ठेवतो, हे तिला माहीत असते. तिने ते कधी कोणास सांगितलेले नसते, कारण कोणी विचारलेले नसते. एक वही, चार रकाने आणि आठवड्याच्या दोन संध्याकाळी, एवढ्यावर ती नोंद घरात सुरू करता येते. पहिल्या रकान्यात आई लिहील, दुसऱ्यात भाऊ लिहील. पान त्या माणसासमोर उघडे ठेवून, त्याच्या चेहऱ्याकडे पाहत, चुकीचे असेल ते खोडीत जावयाचे.